गोल कड आतल्या बाजूला

६ फेब्रुवारी

ताई,

तू सांगितलंस फोन कर. फोन करणार नाही. फोनवर तू मधे मधे बोलतेस, मग मी चिडतो, मग ठेवून देतो आणि मग पुढे कितीतरी दिवस दोघंही एकमेकांच्या फोनची वाट बघत बसतो. पत्रात तुला मधे बोलता येत नाही. तेव्हा शेवटपर्यंत वाच आणि मग काय बोलायचं ते बोल.

बातमी अशी, की मिस्त्रींनी मला पहिल्यांदा एकट्याने करायचं काम दिलं. आतापर्यंत माझं काम म्हणजे पोती उचल, सिमेंट कालव, चहा सांग. दुसऱ्या वर्षाला सरांच्या टेबलावर हात आपटून कॉलेजच्या बाहेर पडलो तेव्हा तू म्हणाली होतीस, ‘आता हात आपटायला जागा नाही, हाताने काहीतरी कर.’ तर आता करतोय.

घर बैठं आहे. माणसं तीन. काका, काकू आणि त्यांची मुलगी. त्यांना जमीन नवी हवी होती पण तोडफोड नको होती. म्हणून जुन्या फरशीवरच फोम अंथरला आणि वर लाकडी पट्ट्या बसवल्या. दिसायला फार झकास झालं. पण जमीन दोन बोटं वर आली आणि बाहेरचं दार आत उघडताना खालून घासायला लागलं. जुना उंबरा तर जमिनीत बुडाल्यासारखा दिसायला लागला. आता तो फोडून नवा, उंच दगडी उंबरा बसवायचा. दार मिस्त्रींनी उतरवून खालून तासून दिलं आणि म्हणाले, ‘उंबरा तू बसव. मी दुसऱ्या साईटवर आहे. विचारायला येऊ नकोस, डोकं वापर.’

मुलगी परीक्षेचा अभ्यास करते. पुढच्याच खोलीत तिचं टेबल आहे, दाराकडे तोंड करून. तिचं नाव मला माहीत आहे, पण लिहिणार नाही, कारण तू ते नाव घेऊन मला वर्षभर चिडवशील. परवा तिने मला पाणी दिलं. पाणी सगळेच देतात हे मला कळतं. पण तिने ग्लास अगदी खालून धरला होता, म्हणजे मला वरून धरता यावा. असं कोण करतं?

एक रंगारी पण आहे त्या घरात. शिडीवर शीळ घालत असतो. कोणती छटा हवी ते विचारायच्या नावाखाली तिला सारखा हसवतो. भिंत रंगवायला आलास तर भिंत रंगव ना.

दाजींना नमस्कार. बाबांना काही सांगू नकोस. काम पूर्ण झालं की मग सांग.

तुझा
भडकू

११ फेब्रुवारी

भडकू,

मधे बोलू दिलं नाहीस, म्हणून आता सगळं एकदम बोलते.

एक, ग्लास खालूनच धरतात रे. वरून धरला तर बोटं पाण्यात जातात. आपल्या आईने तुला एवढंही शिकवलं नाही, असं त्या मुलीला वाटायला नको.

दुसरं, कॉलेजात वाचनालयातल्या त्या मुलीने तुला पुस्तक पुढे सरकवलं होतं तेव्हाही तू मला असंच चार पानी लिहिलं होतंस. पुढे कळलं की तिला पुस्तक परत करायचं होतं आणि तुला तिने तिथला माणूस समजलं होतं.

तिसरं, रंगाऱ्याने शीळ घालायची नाही तर काय करायचं? दिवसभर शिडीवर एकटा असतो बिचारा. लोकांना हसवता येणं हा गुन्हा नाही. तुला येत नाही म्हणून तर मुळीच नाही.

आता कौतुक. मिस्त्री सहसा कोणाला एकटं सोडत नाहीत, असं हे म्हणाले. जेवताना दोनदा म्हणाले. दारं-खिडक्या बसवण्यात ह्यांचं आयुष्य गेलं, त्यामुळे ह्यांना आता चैन पडत नाहीये. ‘उंबरा कसा बसवला ते नीट लिहायला सांग, उगीच झकास झाला, फक्कड झाला असं नको,’ म्हणतात. तर दगड कुठला, सिमेंट-वाळूचा मसाला कसा, काय कसं सगळं लिही.

इकडे सगळे बरे आहेत. पत्र लिहीत जा. तुझी पत्रं आली की घरात बरं वाटतं.

ताई

१६ फेब्रुवारी

ताई,

उंबरा बसला! दाजींना सांग, झकास झाला. आणि आता नीट लिहितो.

जुना फोडायला सकाळ गेली. छिन्नीने कडेकडेने तोडला, चौकटीला एक ओरखडा नाही. खालचा सगळा भुसभुशीत थर खरवडून काढला, पाणी मारलं, मसाला घट्टसर ठेवला. दगड काळा, दाराच्या रुंदीला तंतोतंत. दोन्ही टोकांना पातळी बघितली, केसाचा फरक नाही. वरून लाकडी मोगरीने हलके ठोकत ठोकत बसवला. दुसऱ्या दिवशी उभा राहिलो त्यावर. हलला नाही.

आणि एक गोष्ट मी माझ्या डोक्याने केली. दगडवाल्याने एका बाजूची लांब कड छान गोल करून, घासून चकचकीत करून दिली होती. दुसरी बाजू नुसतीच कापलेली, खरबरीत. वरचा भागही गोल कडेकडे जरासा उतरता होता, म्हणजे हात फिरवला की हात आपोआप तिकडे घसरतो. एवढी सुंदर कड बाहेरच्या बाजूला, जिथे लोक चपला काढतात तिथे कशाला? कोण बघणार? ती टेबलाशी बसते तिथून बरोबर उंबरा दिसतो. पुस्तकातून मान वर केली की पहिली नजर तिथेच. म्हणून मी गोल कड आतल्या बाजूला घेतली.

रंगारी शिडीवरून वाकून बघत होता. म्हणाला, ‘भाऊ, हे असंच बसवतात का?’ मी म्हटलं, ‘तू भिंत बघ.’ तो परत भिंतीकडे वळला.

संध्याकाळी तिने वाकून त्या कडेवरून बोट फिरवलं. म्हणाली, ‘किती गुळगुळीत आहे.’ ताई, मी म्हटलं, ‘दगड आहे.’

हसू नकोस.

भडकू

२१ फेब्रुवारी

ताई,

तुझ्या उत्तराची वाट न बघता लिहितोय, कारण आज जे झालं ते आजच सांगायला हवं.

सकाळी त्या घरी मिस्त्रींची राहिलेली पोती आणायला गेलो. बघतो तर दाराजवळच्या लाकडी पट्ट्या फुगल्यात. दोन पट्ट्यांचे सांधे चक्क वर उचललेत, पाय ठेवला की आत चुबुक आवाज येतो. नवी कोरी जमीन! आणि उंबऱ्याला लागून आतल्या बाजूला रंगाऱ्याची चादर, ती जमिनीवर अंथरतो ना ठिपके पडू नयेत म्हणून, ती गुंडाळी करून ठेवलेली. चिंब ओली. पिळली असती तर बादली भरली असती. शेजारी त्याची ब्रश धुवायची बादली, अर्धी रिकामी. आणखी काय पुरावा पाहिजे? ह्याने पाणी सांडलं, चादरीने टिपलं आणि चादर तशीच टाकून वर शिडीवर जाऊन शीळ घालत बसला.

मी विचारलं, ‘हे काय आहे?’ तो म्हणाला, ‘जरा बाहेर चल, सांगतो.’ बाहेर कशाला? जे आहे ते सगळ्यांसमोर होऊ दे. मी म्हटलं, लोकांच्या घरात नासधूस करतोस आणि लपवतोस? मग जे बोलायचं ते बोललो. तुला माहीत आहे मी बोलायला लागलो की काय होतं. काकू बाहेरून पाण्याचा पाइप टाकून धावत आल्या, काका आतून आले, तीही टेबलावरून उठली.

रंगाऱ्याने एकदा उंबऱ्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. आणि मान खाली घातली. खरं असेल तर माणूस मान खाली घालतोच. काकांनी त्याला अर्ध्या भिंतीवरून उतरवला. ‘सामान घे आणि जा,’ एवढंच म्हणाले. त्याने ब्रश पुसले, डब्याचं झाकण लावलं आणि ती ओली चादर तशीच खांद्यावर टाकून गेला.

ती आतल्या खोलीत निघून गेली. डोळे लाल होते तिचे. एवढ्या हौसेने केलेल्या जमिनीचं वाईट वाटणारच.

मला तेव्हा कोणाचे तरी फोन येत होते सारखे. मी कट केले. तुझे असतील तर रागावू नकोस, मी त्या वेळी एका घराच्या बाजूने उभा होतो.

भडकू

२१ फेब्रुवारी

भडकू,

तुझं सोळा तारखेचं पत्र आत्ता मिळालं. तीन वेळा फोन केला, तिन्ही वेळा तू कट केलास. कागद कट करता येत नाही, म्हणून लिहिते आणि लगेच टाकते.

पत्र वाचून दाखवत होते. ‘गोल कड आतल्या बाजूला घेतली’ इथे आले आणि ह्यांनी हातातला घास ताटात ठेवला. म्हणाले, ‘पुन्हा वाच.’ पुन्हा वाचलं. म्हणाले, ‘तो उतार त्याने कुठल्या बाजूला ठेवला?’ मी वाचलं तसं सांगितलं.

बाहेरच्या दाराच्या उंबऱ्याला उतार असतो तो पाणी बाहेर जावं म्हणून, भडकू. गोल कड बाहेर येते म्हणजे पाणी तिच्यावरून ओघळून खाली पडतं. तू तो उलटा बसवलास. आता बाहेर कोणी नुसती बादली ओतली तरी पाणी उंबऱ्यावर चढून आत उतरणार आणि लाकडाखालच्या फोममध्ये जाऊन बसणार. हे म्हणाले, वरून दिसेपर्यंत खाली सगळं भिजलेलं असेल.

हे पत्र मिळाल्याबरोबर जा. तो उंबरा काढ. काकूंना सांग, तोपर्यंत दारात पाणी टाकू नका.

ताई

२५ फेब्रुवारी

ताई,

मिळालं.

काका आणि ती बाहेर गेले होते, काकू तेवढ्या घरी होत्या. मी म्हटलं, उंबरा एकदा तपासायचा आहे. त्या पाणी आणायला आत गेल्या. मी बाटलीतलं थोडं पाणी दगडावर, अगदी बाहेरच्या काठावर ओतलं. ते एक क्षण थांबलं, जणू काही विचार करतंय, आणि मग सरळ माझ्याकडे आलं. मी आतल्या बाजूला गुडघ्यावर बसलो होतो. पँट भिजली.

काकू रोज सकाळी पाइप लावून दारासमोरचा ओटा धुतात. रोज. मी एकविसाला गेलो तेव्हाही त्या पाइप टाकून आल्या होत्या, मीच तुला लिहिलं होतं. लिहितानाही कळलं नाही.

आणि ती चादर. त्याने सांडलं असतं तर सांडलं तिथे टिपलं असतं. चादर उंबऱ्याच्या कडेला, या टोकापासून त्या टोकापर्यंत लावून ठेवली होती. बांध घातल्यासारखी. माझ्या उंबऱ्यावरून येणारं पाणी तो स्वतःच्या चादरीने अडवत होता. आणि मी त्याला सगळ्यांसमोर घराबाहेर काढायला लावून... जाऊ दे.

मिस्त्रींना सांगितलं, दगड थोडा हलतोय, काढून परत बसवतो. हलत नाहीये. ते म्हणाले, बसव. पुढच्या आठवड्यात ते तिघंही बाहेरगावी जाणार आहेत, किल्ली शेजारी असते. तेव्हा जाऊन दगड फिरवतो, खराब पट्ट्या बदलतो. परत आल्यावर सगळं ठीक दिसेल. कोणाला काही कळणार नाही.

ताई, बाबांना यातलं काहीही सांगू नकोस. कॉलेजचं झालं तेव्हा ते म्हणाले होते, ‘हा रागाने जेवढं तोडतो तेवढं याला जोडता येत नाही.’ मला त्यांचा तो आवाज परत ऐकायचा नाही.

काकू आत पाणी आणायला गेल्या होत्या ना, ते त्यांनी आणलं. ग्लास खालून धरला होता. सगळेच तसा धरतात. तू बरोबर होतीस.

भडकू

२ मार्च

भडकू,

तुला एक सांगायचं राहिलं होतं. राहिलं नव्हतं, मी लपवलं होतं.

बाबा जानेवारीपासून आमच्याकडे आहेत. डोळ्याचं ऑपरेशन झालं, पट्टी होती, अजून वाचायची परवानगी नाही. तुला कळवू नकोस म्हणाले, ‘तो कामाला लागलाय, लागू दे.’ तुझी पत्रं आल्यावर घरात बरं वाटतं असं मी लिहिलं होतं, ते त्यांना बरं वाटतं म्हणून. मी वाचते आणि ते ऐकतात. सगळं. पहिल्यापासून.

हो, ग्लाससुद्धा. ‘दगड आहे’ला ते एवढे हसले की ह्यांनी त्यांना डोळ्यावर ताण येईल म्हणून दटावलं. कितीतरी दिवसांनी हसले होते.

तुझं एकविसाचं पत्र आलं तेव्हा मीही हसले. तू रंगाऱ्याला कसा सुनावलास ते वाचताना आवाज काढून वाचलं मी, नाटकात करतात तसं. तेव्हा आम्हाला माहीत होतं उंबरा उलटा आहे, तरी मी हसले. एक माणूस ओली चादर खांद्यावर टाकून गेला, हे मी हसत हसत वाचलं. हे तुला सांगते कारण नाहीतर तुला वाटेल की लाज फक्त तुलाच वाटते आहे.

बाबा हसले नाहीत. ते म्हणाले, ‘पाण्यासाठी कोणी माणसाला अर्ध्या भिंतीवरून उतरवत नाही. हा आणखी काय बोलला ते याने लिहिलेलं नाही.’

आणि काल आलेलं पत्र वाचून झालं. मी विचारलं, बाबा, काय लिहू त्याला? तर म्हणाले, ‘उंबऱ्याचं तो बघेल. त्याला विचार, त्या रंगाऱ्याला दुसरीकडे काम मिळालं का?’

एवढंच विचारायला सांगितलंय त्यांनी. मी पण एवढंच विचारते.

ताई

१२ मार्च

ताई,
आणि बाबा, तुम्ही समोर बसून ऐकताय असं धरून लिहितो. कुठे थांबायचं, कुठे आवाज काढायचा, ते ताई, आता करू नकोस. सरळ वाच.

बाबांचं खरं होतं. मी आणखी बोललो होतो. पाण्याचं ओरडून झाल्यावर मी त्याला म्हटलं होतं, ‘रंगवायला येतोस की घरातल्या मुलीला हसवायला येतोस ते सगळ्यांना दिसतंय.’ हे तिच्यासमोर, काकांसमोर, काकूंसमोर. काकांनी त्याला काढला तो या वाक्यामुळे. तिचे डोळे लाल झाले ते जमिनीसाठी नव्हते. पंचविसाला मी गेलो तेव्हा पुढच्या खोलीतलं टेबल रिकामं होतं, पुस्तकं नव्हती. मी ते बघितलं होतं आणि तुला लिहिलं नाही. काकांनी तिला आतल्या खोलीत, काकूंच्या नजरेसमोर अभ्यासाला बसवलंय. तिथे खिडकीसुद्धा नाही.

तुझं पत्र आल्यावर मी रंगाऱ्याला शोधलं. रंगाच्या दुकानात विचारलं, त्यांनी एका इमारतीचा पत्ता दिला. तिथे जिना रंगवायचं काम चालू होतं. बाबा, काम मिळालंय, पण स्वतःचं नाही. दुसऱ्या एका रंगाऱ्याच्या हाताखाली भिंती घासतोय. तोंडावर सगळी पांढरी धूळ. मला बघून घासायचा थांबला नाही.

मी म्हटलं, ‘दादा, उंबरा माझाच उलटा होता.’
‘माहीत आहे.’
‘मग तू बोलला का नाहीस तेव्हा?’
तेव्हा तो थांबला. म्हणाला, ‘उंबरा बसवलास त्याच दिवशी बोललो होतो. तू भिंत बघ म्हणालास. त्या दिवशी बाहेर चल म्हटलं, आलास? मालकासमोर मी गवंड्याची चूक काढली असती तर पुढे कुठल्या मिस्त्रीने मला साईटवर उभा केला असता? आपल्यात असं करत नाहीत. एवढं तुला कोणी शिकवलं नाही?’

मी म्हटलं, मला माफ कर. तो म्हणाला, ‘इथे जिन्यात कशाला? इथे कोणी ऐकलेलं नाही. जिथे बोललास तिथे जाऊन बोल. आणि तेवढ्याच आवाजात बोल.’ आणि परत घासायला लागला.

मी आधी मिस्त्रींकडे गेलो आणि खरं सांगितलं. ते काही ओरडले नाहीत. म्हणाले, ‘दगड फिरव. पट्ट्या बदल. मग परत सिमेंट कालवायला ये.’ म्हणजे कामावर ठेवलंय की नाही ते अजून नक्की नाही, पण कालवायला बोलावलंय.

मग त्या घरी गेलो. त्यांचं बाहेरगावी जाणं रद्द झालं होतं. मी मनात सगळं तयार केलं होतं. काका ओट्यावर वर्तमानपत्र वाचत बसले होते, आत स्वयंपाकघरात मिक्सर चालू होता. मी म्हटलं, ‘काका, रंगाऱ्याचा काही दोष नव्हता.’ ते कानाला हात लावून म्हणाले, ‘काय? मोठ्याने बोल, मिक्सर चालू आहे.’ मी परत म्हटलं. ते म्हणाले, ‘कोणाचा रोष?’ माझा आवाज निघतच नव्हता, बाबा. मला जो आवाज तुम्ही सगळे कायम कमी करायला सांगता, तो.

मग मी ओरडलो. उंबरा मी उलटा बसवला, पाणी त्यावरून येत होतं, रंगाऱ्याने स्वतःची चादर घालून तुमची जमीन वाचवायचा प्रयत्न केला, मी त्याच्यावर खोटा आळ घेतला. शेजारच्या गच्चीत कपडे वाळत घालणाऱ्या बाई थांबल्या. आणि मी म्हटलं, ‘मुलीबद्दल जे बोललो ते माझ्या डोक्यातलं होतं. त्याच्या वागण्यात तसं काही नव्हतं. माझ्याच मनात होतं.’

तेवढ्यात मिक्सर बंद झाला. शेवटचं वाक्य सगळ्या गल्लीने ऐकलं.

काकांनी वर्तमानपत्राची घडी घातली. मग म्हणाले, ‘ठीक आहे, तरुण वय आहे, होतं असं.’ ताई, मला वाटलं होतं हाकलून देतील. माझ्यासाठी ‘होतं असं’ आणि त्याच्यासाठी ‘सामान घे आणि जा’. ते ऐकून मला जास्त लाज वाटली. मी म्हटलं, ‘काका, त्यालाही परत बोलवा ना.’ ते म्हणाले, बघू.

आतून ती बाहेर आली. माझ्याकडे बघितलं नाही. वडिलांना म्हणाली, ‘बघू नाही, बाबा. आजच फोन करा. आणि माझं टेबल मी परत पुढे घेते आहे.’ आणि टेबल स्वतःच ओढायला लागली. मी हात लावायला पुढे झालो तर म्हणाली, ‘तुम्ही नका.’ एवढंच. रागाने नाही म्हणाली. रागाने म्हणाली असती तर बरं झालं असतं.

परवा मी दगड काढून फिरवला. दाराजवळच्या पट्ट्या उचलल्या, खालचा भिजलेला फोम कापून काढला, खालची फरशी सुकू दिली, नवा घातला. गोल कड आता बाहेर, चपलांच्या बाजूला आहे. बाटलीभर पाणी ओतून बघितलं. बाहेर गेलं.

काल सकाळी मी सांध्यात सिमेंट भरत होतो तेव्हा रंगारी आला. काकांनी खरंच फोन केला होता. हातात डबा, खांद्यावर चादर, दुसरी, जुनी. ओट्याच्या पायरीवर थांबला.

‘ओलं आहे?’
‘हो.’
‘कधीपर्यंत?’
‘उद्यापर्यंत पाय नको पडायला.’
‘मग मी मागून जातो,’ म्हणाला आणि घराला वळसा घालून मागच्या दाराने आत गेला. थोड्या वेळाने आतून शिडी लावल्याचा आवाज आला. शीळ नाही आली.

बाबा, तुम्ही विचारलं होतं त्याचं उत्तर एवढंच आहे.

काल दिवसभर काका, काकू आणि ती, सगळे मागच्या दारानेच जात-येत होते. मी ओट्यावर बसून राहिलो, कोणी विसरून ओल्यावर पाय देऊ नये म्हणून. कोणी विसरलं नाही. पुढच्या दाराकडे कोणी आलंच नाही.

भडकू